अर्धा इंच

"नाही जाणार," उस्ताद म्हणाला आणि त्याने टेपचं बटण दाबलं. पोलादी पट्टी सर्रकन डबीत शिरली.

"जाणार," आत्या म्हणाली. "पुन्हा मोजा."

"बाई, तीनदा मोजलं."

"मग चौथ्यांदा मोजा. मी विद्यार्थ्यांकडून एक ओळ दहा वेळा करून घेते."

उस्तादाने चौथ्यांदा मोजलं. तो पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता आणि त्याचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. त्याची तीन माणसं जिन्यात बसून होती. खाली ट्रक उभा होता. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि बारानंतर त्या रस्त्यावर ट्रक थांबवता येत नसे.

पियानो आत्याच्या खोलीच्या दारात घोंगड्या गुंडाळून तयार होता. उभ्या बांधणीचा, लांबी अठ्ठावन्न इंच, उंची पन्नास, जाडी पंचवीस, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. बंद पडलेल्या एका नाटकगृहातून आत्याच्या वडिलांनी, नानांनी, तो आणला होता. त्या नाटकगृहाचे पडदे नानांच्या दुकानात शिवलेले होते. पियानो घरात आला तेव्हा मध्ये भिंत नव्हती. भिंत अकरा वर्षांपूर्वी आली, दोन भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा. समोरचा अर्धा भाग दादाचा, बाजूचा छोट्याचा, मागची खोली बहिणीची, म्हणजे आत्याची; आणि तिला बाहेर पडता यावं म्हणून मधून एक बोळ. बोळ सरळ जाऊन काटकोनात वळत होता आणि मग मुख्य दाराशी पोचत होता.

"आडवा तर वळणारच नाही," उस्ताद म्हणाला. "एका कडेवर उभा केला तर वळायला हवा. पण ह्या कोपऱ्याशी, ऐन वळताना, जागा उरते साडेचोवीस. आणि हे आहेत पंचवीस."

"अर्धा इंच?"

"अर्धा इंच. माणूस असता तर म्हटलं असतं, बाबा, पोट आत घे."

आत्याला हसू आलं. तिला हा माणूस आवडला होता. त्याच्या आधी येऊन गेलेला हमाल म्हणाला होता, पुढचा भाग करवतीने कापू, तिकडे गेल्यावर चिकटवू. त्याला तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

सोमवारपासून तळमजल्यावरच्या नव्या जागेत अकरा विद्यार्थी येणार होते. इथे दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायला तिचे गुडघे तयार नव्हते, आणि मुलांच्या आयांचेही. नवी जागा तिने स्वतः शोधली होती, स्वतः रंगवून घेतली होती. पण पियानोशिवाय ती जागा म्हणजे नुसत्या चार भिंती होत्या. तो इथे अडकला, तर तीही अडकली.

"तुम्ही आजवर किती पियानो हलवलेत?" तिने विचारलं.

"साठेक. एकही खाली सोडलेला नाही. एकदा मेहुणा सोडला होता, पण पियानो नाही."

"मग उपाय सांगा."

उस्तादाने वळणावरच्या भिंतीच्या कोपऱ्यावर बोटांची पेरं वाजवली. आवाज ऐकला. "ह्या धारेचा गिलावा काढायचा. फक्त गिलावा, विटेला हात नाही. जमिनीपासून साडेपाच फूट. दोन्ही अंगांनी पाऊण पाऊण इंच निघाला की तिरकस एक इंच मिळतो. एका इंचात मी हत्ती काढीन."

कोपरा छोट्याच्या भिंतीचा होता.

*

छोट्याची बायको, धाकटी, आपल्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. काचेच्या वस्तू फुटण्याच्या आत ओळखण्याची तिला सवय होती, आणि आत्ता काहीतरी फुटणार हे तिला दिसत होतं. ती आत वळली.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं." तिचा नवरा पलंगावर बसून बुटाची नाडी सोडत होता, मग पुन्हा बांधत होता. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि घरात त्याला अजून सगळे छोट्याच म्हणत. "भिंतीला हात लागणार नाही. विषय संपला."

"गिलावा तर आहे. चार घमेली धूळ होईल, ती मी काढीन."

"धुळीचा प्रश्न नाही. आज तो कोपरा तोडला की दादा म्हणणार, बघा, मी सांगत होतो ना, ह्याने बोळाचे दोन इंच खाल्ले! अकरा वर्षं मी हे ऐकलंय. आता स्वतःच्या हाताने कबुली देऊ?"

"वन्संचा पियानो आहे तो. तुमच्या दादांचा नाही."

"ताईसाठी मी दुसरं काहीही करीन."

"त्यांना दुसरं काही नकोय."

छोट्याने नाडीची गाठ इतकी घट्ट ओढली की ती तुटली. तुटक्या नाडीकडे तो बघत राहिला. धाकटीला तो लहान दिसला. लग्न झालं तेव्हा ह्या भावांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. रविवारी दोघं मिळून नानांच्या दुकानाच्या फळ्या रंगवायचे. मग घराची वाटणी झाली, तीही गोडीत झाली. आणि नंतर त्या दोन इंचांवरून बोलणं तुटलं, ते आजपर्यंत.

"भाऊजी बाहेर आलेत," ती म्हणाली. "पुतणीही आहे. तुम्ही येता की मी एकटीच जाऊ?"

"मी येतो. पण मी बोलणार नाही."

"उत्तम. तेवढंच बोलू नका."

*

दादा बोळात आला तेव्हा सगळे कोपऱ्याभोवती जमले होते. चाळीस वर्षं त्याने एका बांधकाम कचेरीत नकाशे काढले होते. कुठल्याही खोलीत शिरल्यावर तिचे कोन तपासण्याची सवय अजून गेली नव्हती. त्याने एक नजर पियानोवर टाकली, एक कोपऱ्यावर, आणि त्याला उत्तर कळलं. ते त्याला अकरा वर्षांपासून माहीत होतं.

"अर्धा इंच कमी पडतंय ना?" तो म्हणाला.

उस्तादाने चष्मा वर केला. "तुम्ही मोजलंत?"

"मोजायची गरज नाही."

दादाने मुलीकडे तोंड केलं. त्याची मुलगी रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करत होती आणि आजचा दिवस सुट्टी घेऊन आली होती. "काकाला सांग, बोळ छत्तीस ठेवायचा ठरला होता. चौतीस आहे. छत्तीस असता तर पियानो आत्तापर्यंत ट्रकमध्ये चढला असता."

"बाबा, काका दोन हातांच्या अंतरावर उभा आहे."

"तरी सांग."

"काका, बाबा म्हणतात..."

"ऐकलं मी," छोट्या म्हणाला. "बाबांना सांग, गवंडी चौतीस धरूनच बांधत होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो. तो म्हणाला, मोठ्यांकडून आकडा आलाय. मोठा ह्या घरात एकच आहे."

"मी छत्तीस सांगितलं होतं!"

"मला नाही सांगितलं."

"तुला कशाला सांगीन, मी फोनवर..." दादा थांबला. पुतणीच्या लक्षात आलं की तो बऱ्याच वर्षांनी काकाशी सरळ बोलला होता, आणि काकानेही सरळ उत्तर दिलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

दादाला त्या दोन इंचांचं तितकं वाईट वाटलं नव्हतं. वाईट ह्याचं वाटलं होतं की बहीण तेव्हा काहीच बोलली नाही. त्याने छोट्याला जाब विचारला तेव्हा ती इथेच, ह्याच बोळात उभी होती. तिने खाली पाहिलं आणि आपल्या खोलीत निघून गेली. दार लागल्यावर पियानोचा आवाज आला होता. त्या दिवशी त्याने ठरवलं, ती धाकट्याच्या बाजूची.

*

पुतणीचं कामच आत काय आहे ते बघण्याचं होतं. हाड मोडलेला माणूस कुठे दुखतंय ते सांगतो, पण बऱ्याचदा मोड दुसरीकडेच निघते. तिने वडिलांच्या खोलीत जाऊन नकाशांची नळकांडी आणली आणि वाटणीच्या वेळचा कागद जमिनीवर पसरला. कडांवर उस्तादाचे हातमोजे ठेवले.

"हे बघा. छत्तीस. बाबांच्याच अक्षरात."

छोट्या वाकला. त्याने हा कागद कधी पाहिलाच नव्हता.

"आणि बाबा, हे काय आहे?" तिने बोट ठेवलं. बोळाच्या वळणावर पेन्सिलीने एक लहान आयत काढला होता. त्याच्या शेजारी तोच आयत थोडा फिरवून, मग आणखी थोडा फिरवून. सगळे मिळून उलगडत्या पंख्यासारखे दिसत होते. आत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पन्नास गुणिले पंचवीस.

उस्ताद गुडघ्यांवर बसला. "हा तर पियानो आहे. कडेवर उभा केलेला." त्याने दादाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच 'अहो साहेब' म्हणाला. "अहो साहेब, तुम्ही वळवून बघितलात? कागदावर?"

"छत्तीसला पाऊण इंचाहून थोडी जास्त जागा सुटते," दादा म्हणाला. "म्हणून छत्तीस. नाहीतर बोळाला तीस इंचही पुरले असते."

आत्या दारात पियानोच्या घोंगडीवर हात ठेवून उभी होती. तो हात तसाच राहिला.

"तू हे पियानोसाठी केलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? भिंत बांधण्याच्या आधीच सांगू, की टिकटिक, तुझा पियानो कधीतरी बाहेर जाईल? तुला वाटलं असतं, दादा मला घालवतोय." लहानपणी ती तालाचे आकडे मोठ्याने मोजायची म्हणून त्याने ते नाव ठेवलं होतं. भिंतीनंतर ते त्याच्या तोंडून आलं नव्हतं.

"फोन कुणाला केला होतात, बाबा?" पुतणीने विचारलं. "छत्तीस सांगायला?"

दादाने कागदावरची नजर वर केली. तो बहिणीकडे बघत होता.

*

नानांची टेप ह्या घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. पडद्याच्या कामाची कापडी टेप. तिचं टोक विरलं तेव्हा नानांनी पहिले दोन इंच कात्रीने कापून टाकले, कडी पुन्हा शिवली आणि तीच टेप पुढे वीस वर्षं वापरली. त्यामुळे तिच्यावर वाचलेल्या आकड्यातून दोन काढायचे असत. 'दोन वजा' हा घरातला मंत्रच होता. कोणी फुशारकी मारली की, दोन वजा करून सांग. कोणी वय विचारलं की, बासष्ट, दोन वजा.

आत्याला तो रविवार लख्ख आठवला. दादा बोळाच्या जागी रांगत होता, हातात नानांची टेप. मग मंगळवारी गवंडी आला, दादा कचेरीत होता, आणि फोन वाजला. "गवंड्याला सांग, बोळ छत्तीस." तिने फोन ठेवला आणि तिला वाटलं, हा टेपवरचा आकडा. दादा वजाबाकी विसरला. एवढा नकाशे काढणारा, आणि विसरला. त्याची गवंड्यासमोर शोभा नको म्हणून तिने आपल्या मनाने ती करून टाकली. ती बोळात गेली आणि म्हणाली, "मोठ्यांनी चौतीस सांगितलंय."

नंतर दादा छत्तीस छत्तीस म्हणून भांडू लागला, तेव्हाही तिची खात्री तीच होती. चूक त्याचीच आहे आणि त्याला ती आठवत नाही. सगळ्यांसमोर ती दाखवायची नाही, असं तिने ठरवलं होतं. त्या गप्प बसण्याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

विद्यार्थ्याने चुकीचा सूर वाजवला तर ती त्याला थांबवत असे. चूक लपवून पुढे जायचं नाही. थांबायचं, म्हणायचं 'चुकलं', आणि त्याच ओळीपासून पुन्हा. हे ती चाळीस वर्षं शिकवत होती.

"मी," ती म्हणाली. "फोन मला आला होता. चौतीस मी सांगितलं."

"ताई?" छोट्या म्हणाला.

"मला वाटलं, दादाने आकडा टेपवरून जसाच्या तसा सांगितला. मी दोन वजा केले."

"मी वजा करूनच सांगितला होता," दादा हळू म्हणाला.

"आत्ता कळलं. दोनदा झाले वजा." तिचा आवाज जराही हलला नाही, वर्गात असे तसाच होता. "दादा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. मला इतकी खात्री होती की विचारावंसंच वाटलं नाही."

"अकरा वर्षं मला वाटत होतं, तू ह्याच्या बाजूची."

"मी तुझ्याच बाजूची होते. म्हणून तर गप्प बसले."

"वा!" छोट्या म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तू ह्याच्या बाजूची, हा तुझ्या पियानोच्या बाजूचा. आणि मी चोर, तो कुणाच्या बाजूचा?"

आत्याने घोंगडीवरचा हात काढला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझं सगळ्यात जास्त नुकसान झालं. मी म्हणायचे, सोड रे, दोन इंचांनी काय होतं. तुला माझ्यासमोर चोर म्हटलं गेलं आणि मी ऐकून घेतलं. त्याची माफी मागते, छोट्या. आणि ती दोन वजा न करता."

पुतणीच्या तोंडून हसू फुटलं, तिने ते हाताने दाबलं. पण धाकटी दाबून ठेवणाऱ्यांतली नव्हती. ती खळखळून हसली, आणि मग उस्तादाची जिन्यातली माणसं काय झालं ते बघायला आत डोकावली.

छोट्या हसला नाही. तो कोपऱ्यापाशी गेला, धारेवरून अंगठा फिरवला, जमिनीपासून आपल्या छातीपर्यंत.

"ह्याने एकदा तरी मला कागद दाखवायचा होता," तो म्हणाला.

"तू एकदा तरी मागायचा होतास," दादा म्हणाला.

"मागितला असता तर दिला असतास?"

दादाने खरोखर विचार केला. "नाही. तेव्हा नसता दिला."

"बरं झालं खरं बोललास." छोट्या उस्तादाकडे वळला. "छिन्नी आहे?"

"आहे. पण माझी माणसं करतील, साहेब."

"माझी भिंत आहे. मीच करणार. विषय संपला."

*

दादाने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक. त्यासाठी त्याने ओळंबा आणला. नुसत्या नजरेने मारल्या असत्या तरी त्या सरळच आल्या असत्या हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी कोणी त्याला घाई केली नाही. धाकटीने जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि नवऱ्याच्या डोळ्यांवर प्रयोगशाळेतला चष्मा चढवला.

"बेडकासारखा दिसतोस," आत्या म्हणाली.

"बेडूक तर बेडूक. पियानो काढतोय ना तुझा."

गिलावा सहज सुटला. तळहाताएवढे तुकडे पडत गेले आणि आतली वीट दिसू लागली, अकरा वर्षं बंद असूनही तशीच लाल. साडेदहाला सुरुवात झाली होती. अकराला पाच कमी असताना उस्तादाने टेप लावली, एकदाच.

"साडेपंचवीस. चला रे."

पियानो कडेवर उभा करण्याचा क्षण आत्याला सगळ्यात अवघड गेला. आडवा असताना त्याचा भार सगळीकडे सारखा टेकलेला असतो. उभा होताना तो भार एका कडेवरून पलीकडे जातो आणि मधल्या एका क्षणी तो कुणाच्याच हातात नसतो. तो क्षण उस्तादाने नुसत्या आवाजाने सांभाळला. "येऊ दे. येऊ दे. थांब. आता माझ्याकडे." आतल्या तारा एकदा गुणगुणल्या आणि गप्प झाल्या.

वळणावर फक्त घोंगडीच्या आणि विटेच्या घासण्याचा आवाज झाला. दादा एका बाजूला वाकून जागा बघत होता, छोट्या दुसऱ्या.

"तुझ्याकडे किती?" दादाने विचारलं.

"बोटभर. तुझ्याकडे?"

"बोटभराला जरा कमी. थोडा तुझ्याकडे घ्यायला सांग."

"उस्ताद, इकडे घ्या. आणखी. बास!"

आणि पियानो वळला. तो सरळ बोळात आला तेव्हा उस्तादाने मान मागे करून मोठा श्वास सोडला. पुढचे दोन जिने त्याच्या लेखी काही नव्हते. पट्टे बांधून, पायरी पायरी मोजत, पावणेबाराला पियानो ट्रकमध्ये पोचला.

खाली आत्या ट्रकच्या पुढच्या आसनावर चढली, तेव्हा दादाने बाहेरून दार लावून दिलं.

"तिकडचं दार किती आहे?" त्याने विचारलं.

"बेचाळीस. मी मोजलंय."

"कशाने?"

"पोलादी टेपने रे बाबा," ती म्हणाली. "दोनदा."

*

दुपारी धाकटीने चादर गोळा केली, बोळ पुसला आणि उघड्या कोपऱ्यासमोर उभी राहिली. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पियानो होता तिथे फरशीवर चाकांचे चार फिकट ठसे राहिले होते.

"गवंड्याला उद्या बोलावू का?" छोट्याने विचारलं. "गिलावा भरून घेऊ. पाहुण्यांना वाईट दिसेल."

"नको," ती म्हणाली.

"का?"

"वन्संना कधी परत यावंसं वाटलं तर? तेव्हा पुन्हा फोडत बसणार आहात?"

छोट्या कोपऱ्याकडे बघत राहिला. "खरं आहे," तो म्हणाला. "मग राहू दे. विषय..."

"संपला नाही," दादा आपल्या दारातून म्हणाला. त्याच्या हातात खरकागद होता. "विटेची धार टोकदार आहे. जाता-येता कुणाचा तरी खांदा सोलवटेल. घासायला हवी."

"दे इकडे."

"तू खालचा भाग घास. तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत."

"दोन वजा," छोट्या म्हणाला, आणि खाली बसला.